भाजीवर बसू नका

आमच्या कॉलनीच्या लॉनवर निवांत बसलेल्या माणसाजवळ जाऊन, "जरा उठता का, तुम्ही भाजीवर बसलाय," असं सांगणारा अख्ख्या जळगावात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो.

लोटननाना त्यांचं नाव. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, पायजमा घोट्याच्या वर खोचलेला. सकाळी साडेसहाला हातात केस कापायची कात्री आणि काखेत पिठाची चाळणी घेऊन ते घराबाहेर पडतात. लॉनवर उकिडवे बसतात आणि सरकत सरकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. चालायला येणारी माणसं त्यांना वळसा घालून जातात. नवीन भाडेकरूंना वाटतं, कॉलनीने गवत कापायला म्हातारा माणूस ठेवलाय, आणि ते मला येऊन सांगतात की मॅडम, या वयात असं काम देणं बरं दिसत नाही.

मला सांगतात, कारण कॉलनीच्या समितीची सेक्रेटरी मी आहे. निवडून वगैरे आलेले नाही. त्या मीटिंगला मी चहा टाकायला आत गेले होते, कप घेऊन बाहेर आले तोवर झालेली होते. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर हेडक्लार्की करायची आणि घरी आल्यावर पाण्याची टाकी, पथदिवे आणि कुत्री सांभाळायची, असं माझं चाललेलं असतं. त्यात नाना.

आता लॉनबद्दल सांगते. आमच्याकडे प्रत्येक कॉलनीत मध्ये एक रिकामी जागा सोडलेली असते, तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. आमच्या ओपन स्पेसमध्ये एक देऊळ, दोन झोके आणि हे लॉन. नर्सरीवाल्याने गालिच्यासारखं आणून अंथरलं तेव्हा ते लॉन होतं. दोन पावसाळे गेल्यावर त्यात काय नाही ते विचारा. घोळ आली, केना आला, पाथरी आली, कडेने आंबुशी आली. मे महिन्यात सगळं जळगाव करपून जातं, पण लॉनला बोअरचं पाणी असल्यामुळे तेवढी घोळ मात्र तुकतुकीत. मी ह्या सगळ्याला तण म्हणायचे. एकदा नानांसमोर म्हटलं तर त्यांनी कात्री खाली ठेवली.

"हाई तण नही शे पोरी, भाजी शे. बठ्ठी भाजी शे."

माझं माहेर भडगावकडचं, त्यामुळे अहिराणी मला कळते; बठ्ठी म्हणजे सगळी. नाना एरवी चांगली शुद्ध मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी बोलायची. मनातलं काही असलं की मात्र गाडी अहिराणीवर येते.

गंमत अशी, की ह्या माणसाने धरणगावला तीस-पस्तीस वर्षं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान चालवलं. औषधं म्हणजे पिकाची, आणि त्यात सगळ्यात जास्त खप तणनाशकाचा. कपाशीतलं तण कशाने मरतं, मक्यातलं कशाने, वारा कुठून असताना फवारायचं, पंपाला किती झाकणं, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. केना दाखवला की म्हणतात, "ह्याने मला फार त्रास दिला. दोन दोन फवारण्यांना दाद द्यायचा नाही. आता बघा, त्याचीच भजी करतो." आणि मग कात्रीने त्याची कोवळी पानं अशी हळूच कापतात, की वाटतं माफी मागताहेत.

त्यांच्या बायकोला, कमलबाईंना जाऊन पाच वर्षं झाली. दुकान विकलं. एकुलती मुलगी पुण्याला. जावयाने गुंतवणूक म्हणून आमच्या कॉलनीत घर घेऊन ठेवलं होतं, त्यात नाना येऊन राहिले. गुंतवणुकीच्या घरात राहणारा माणूस कसा असतो ते त्यांच्याकडे बघून कळतं. भिंतीला खिळा ठोकायचा तरी पुण्याला फोन करून विचारतात.

त्यांच्या भाजीचे नियम कडक. गटारीपासून दहा पावलांच्या आतली घ्यायची नाही. कुत्र्यांचा कोपरा सोडायचा, म्हणून त्या कोपऱ्याभोवती त्यांनी सुतळी बांधली आहे आणि कुत्री ती पाळतात असं त्यांचं म्हणणं आहे. घोळीची काडी मोडून बघायची, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, फेकून द्यायची. घरी नेल्यावर तीन पाणी, त्यातलं एक मिठाचं. शिकवायची फार हौस. लॉनवर प्राणायाम करणाऱ्या बायका डोळे मिटून बसल्या की हे मागून घोळीचे गुण सांगायला लागतात आणि बायकांचा श्वास चुकतो.

मागच्या वर्षी कॉलनीत एक साखरपुडा होता, लॉनवरच. मांडव, खुर्च्या, सगळं झकास. नाना भर कार्यक्रमात वाकून एकेका खुर्चीचा पाय बघत फिरत होते. नवऱ्या मुलाच्या मामांना वाटलं हा मंडपवाल्याचा माणूस, त्यांनी पाणी मागितलं. नानांनी तांब्याभर पाणी आणून दिलं, मामा पिऊ लागले आणि नाना म्हणाले, "आता जरा पाय उचला, पाथरी आहे खाली." मामांनी पाय उचलला तो जेवणाची पंगत बसेपर्यंत खाली ठेवला नाही. मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी मला दारात गाठून झापलं. सेक्रेटरी ना मी.

पण खरा वैताग लॉनवर नव्हता. खरा वैताग वाटीचा होता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बेल वाजायची. दारात नाना, हातात झाकण लावलेली स्टीलची वाटी. वाटीवर 'कमलबाई' असं नाव घातलेलं. आत कधी घोळीची डाळभाजी, कधी आंबुशीची चटणी, कधी नुसती पाथरी, धुवून निवडून, ठेच्याबरोबर खायला. रोज एकाच घरी नाही, वार लावलेले. आमचा सोमवार आणि गुरुवार. समोरच्या सुरेखाताईंचा मंगळवार. अशी सहा-सात घरं त्यांनी धरली होती. भाजी कशी झाली म्हणाल तर कधी मीठच नाही, कधी मीठच मीठ. माझी मुलगी वाटी बघितली की अभ्यासाला बसायची, एवढा एकच तिचा फायदा. सगळे तोंडावर मात्र "छान झाली हो नाना" म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार.

आणि मग ती वाटी परत करायची. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. देऊच शकत नाही, हात धजावत नाही. त्यामुळे ऑफिसातून दमून यायचं, पायातली चप्पल काढायच्या आधी विचार करायचा की नानांच्या वाटीत आज काय घालू. साखर घालून झाली, शेंगदाणे झाले, लिंबं झाली. शेवटी जळगावकर जे करतात तेच सगळ्यांनी केलं, केळी दिली. केळं काही वाटीत मावत नाही, वाटीवर आडवं ठेवून न्यावं लागतं. संध्याकाळी कॉलनीतून दोन-तीन बायका वाटीवर केळी तोलत चाललेल्या दिसायच्या. नानांकडे केळ्यांची वखार झाली होती.

बरं, वाटी दिली आणि आले, असं नाही. नाना दार उघडायचे, "ये ना, बस ना," म्हणायचे. मी म्हणायचे, घाई आहे. मग ते दारातच सुरू व्हायचे. घोळ कुठे सापडली, कोवळी कशी होती, कमल तिच्यात मूठभर मुगाची डाळ कशी टाकायची. पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी असायचे आणि घरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे.

गेल्या उन्हाळ्यात मला एक युक्ती सुचली. फार हुशार वाटले मी स्वतःलाच. नाना वाटी घेऊन आले की म्हणायचं, "थांबा नाना, एक मिनिट." आत जाऊन भाजी आपल्या भांड्यात ओतायची, वाटी विसळायची, चिमूटभर साखर टाकायची आणि लगेच त्यांच्या हातात परत. शास्त्रही पाळलं आणि खेपही वाचली. पहिल्या दिवशी नाना वाटी हातात घेऊन बघतच राहिले. "राहू दे ना, उद्या दे," म्हणाले. मी म्हटलं, "कशाला तुमचं भांडं अडकवायचं?"

मी ही युक्ती सुरेखाताईंना सांगितली. त्यांनी आणखी कोणाला सांगितली. आठवडाभरात सगळी कॉलनी दारातच ओतून घ्यायला लागली.

नाना काही लगेच हरले नाहीत. ते भाजी उकळती आणायला लागले. "गरम शे, आते ओतू नको, भाजशी," असं म्हणून वाटी ठेवून पळायचे. आम्ही चिमटा आणला. मग त्यांनी वाटीऐवजी मोठा डबा आणला, चार माणसांची भाजी. आम्ही पातेलं आणलं. मग एकदा त्यांनी डब्याच्या झाकणावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी ठेवल्या आणि म्हणाले, "भाकरीला वाफ धरेल, झाकण काढू नको." मी आणि सुरेखाताई ह्यावर खूप हसलो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं सुरेखाताई म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. ती मान डोलावलेली मला आज आठवली की लाज वाटते.

श्रावणात समितीची मीटिंग झाली. गणपती जवळ आले होते, मांडव लॉनवरच असतो. पोरांच्या पायात गोखरू रुततात, गवतात धामण निघाली, लॉनची रया गेली, अशा सगळ्या तक्रारी. लॉनवर तणनाशक फवारायचं एकमताने ठरलं. फवारणीवाला बोलावणं, नोटीस काढणं, घरोघर सही घेणं, हे सगळं माझ्या गळ्यात. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. सगळ्यांना वाटलं आता नाना उठून भांडणार, दोघातिघांनी तर हसू दाबून त्यांच्याकडे बघितलं. नाना उठले आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, "रुंद पानाचं औषध घ्या, म्हणजे गवत राहील. वारा पडल्यावर फवारा. आणि फवारल्यावर महिना-सव्वा महिना तिथलं कोणी काही खायचं नाही, गाईला घालायचं नाही."

"खातंय कोण नाना, तुमच्याशिवाय?" कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

नानांनी मला विचारलं, "एक महिना पुढे नाही का ढकलता येणार?"

मी म्हटलं, "गणपती आहेत ना, नाना."

"बरं," म्हणाले आणि चहा न घेता गेले. चहा न घेता जाणारा माणूस नव्हे तो.

शनिवारी संध्याकाळी माझ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त नानांची राहिली होती. रविवारी सकाळी फवारणीवाला येणार. म्हाताऱ्याने नेहमीसारखी साडेसहाला कात्री चालवली आणि औषध मारलेलं काही पोटात गेलं, तर पुण्याच्या मुलीला तोंड कोणी दाखवायचं? म्हणून कागद-पेन घेऊन गेले. दार उघडंच होतं. हाक मारली तर आतून, "ये, स्वयंपाकघरात शे मी." चार वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या दाराच्या आत पाय टाकला.

गॅसवर कढईत घोळ शिजत होती. उद्यापासून मिळणार नाही म्हणून लॉनवरची होती नव्हती तेवढी सगळी खुडून आणलेली, मोठी कढई भरून. शेजारी लहान कुकर. ओट्यावर एक ताट, त्यात मुगाची खिचडी वाढून ठेवलेली, दुधीची फोड, बस. मला वाटलं, घरात कोणी आजारी पाहुणा आलाय की काय.

फ्रिजच्या दारावर डॉक्टरचा कागद चिकटवलेला होता. वाचायची माझी सवय, ऑफिसातली. मुतखडा. भरपूर पाणी. त्याखाली बंद करायच्या पदार्थांची यादी, आणि पहिलीच ओळ, सर्व पालेभाज्या.

"नाना, हा कागद कोणाचा?"

"मन्हाच."

"कधीचा?"

"दोन वरीस व्हई गयात."

मी कढईकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही ही भाजी खातच नाही?"

"चाखतही नाही. चाखली की खावीशी वाटते."

"मग रोज सकाळी ते वाकून वाकून... कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आम्ही कुठे मागितली होती, नाना?"

निघून गेलं ते गेलं. जीभ चावून काय होतं. पण नाना रागावले नाहीत. त्यांनी गॅस बारीक केला, हात पंच्याला पुसले आणि पिकावरचा रोग समजावून सांगावा तसं शांतपणे सांगितलं.

"नाही मागितली. पण वाटी एकटी परत येत नाही ना. कोणीतरी घेऊन येतं. तू यायचीस, सुरेखा यायची. दारातल्या दारात का होईना, दोन शब्द व्हायचे. आता तुम्ही दारातच ओतून घेता."

  मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती युक्ती माझी होती.

"कमल शेताच्या बांधावरून ही भाजी आणायची," नाना म्हणाले. "मी तिला ओरडायचो. औषधाच्या दुकानदाराची बायको तण खुडत फिरते, लोक काय म्हणतील? ती ऐकायची नाही. करायची आणि गल्लीभर वाट्या पाठवायची. आमच्या घरात सारखी माणसं. मला वाटायचं, दुकानामुळे येतात. ती गेल्यावर सहा महिने दुकान चालू होतं, पण घरात कोणी आलं नाही. तेव्हा कळलं की ते तिच्या वाट्यांमुळे यायचे."

मी डोळे पुसले. पदराने नाही, हातातल्या नोटिशीच्या कोपऱ्याने पुसले, तेवढंही भान नव्हतं. म्हटलं, "नाना, मी फवारणी थांबवते. सांगते सगळ्यांना."

"नको. ठरलेलं मोडू नको. आणि घोळ काय मरते होय, तिचं बी पडलेलं असतं खाली. महिन्या-सव्वा महिन्यात परत येईल. त्याची काळजी नाही मला." ते कढईत उलथनं फिरवत राहिले. "मधल्या महिन्यात काय पाठवू, एवढाच प्रश्न आहे."

"बाजारातून आणा की मेथी, पोकळा."

"विकतची भाजी कोण पाठवतं पोरी? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला झालंय काय. लॉनवरची असते म्हणून तुम्ही हसता. हसत का होईना, दार उघडता."

हे त्यांना माहीत होतं. आम्ही हसतो हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

मी ओट्याजवळचं स्टूल ओढलं आणि बसले. घरी कुकर लावायचा होता, तो नवऱ्याने लावला असता तर काही बिघडत नव्हतं. म्हटलं, "महिनाभर मी येते."

"काय घेऊन?"

"काही नाही. अशीच."

"अशीच?" नानांना ते पटेना. त्यांनी उलथनं खाली ठेवलं. "कोणी विचारलं, कशाला गेली होतीस, तर काय सांगशील?"

"सांगेन, नानांकडे गेले होते."

 त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा शोधला, नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली, औषधाचं प्रमाण बरोबर लिहिलंय का ते बघितलं, आणि दुकानदाराची लांबलचक सही केली. कागद परत देताना विचारलं, "खरंच येशील?"

"येईन. तुम्हाला कधी सोयीचं? सकाळी की संध्याकाळी?"

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी चष्मा नीट करून ते बघितलं, जवळ जाऊन बघितलं, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "माले काय व पोरी, बठ्ठा दिन मोकळाच शे."